पांढरीवरच्या वत्सलाबाई

ओल्या राखेचा तो वास मला पुन्हा कुठे भेटला नाही. चुलीतली राख पाण्याने विझवल्यावर उठतो तसा तो उग्र नव्हता, आणि तापलेल्या अंगणात सडा टाकल्यावर येतो तसा ताजाही नव्हता. त्यात शेणाचा अंश होता, भाजलेल्या मातीचा होता, आणि फार दिवस बंद राहिलेल्या कणगीत डोके घातल्यावर जाणवतो तसा कोंदट, धान्याचा गोडवा होता. तीन हजार वर्षे कोरड्या राहिलेल्या जमिनीवर झारीतून पाणी शिंपडले की तो वास क्षणभर वर येई, आणि ऊन त्याला पिऊन टाकी. तेवढा क्षण वत्सलाबाई डोळे मिटून घेत. मग डोळे उघडून कामाला लागत. इतरांना त्यांचे उघडे डोळेच आठवत असतील. ते होतेही तसे, समोरच्याला जागच्या जागी उभे करणारे. मला मात्र ते मिटलेले डोळे आठवतात.

बहात्तरच्या दुष्काळाचे वर्ष होते. नेवासे तालुक्यातल्या भोकरी नावाच्या लहानशा गावी मी शाळेत मराठी शिकवत होते. पहिलीच नोकरी, कविता घेऊन एम.ए. झालेली, आणि नगर सोडून कधी कुठे न राहिलेली मी. गावाला लागून नदीचे पात्र होते, त्यात पाणी सोडून सगळे होते, आणि पात्राच्या काठावर एक टेकाड होते. जुनी वस्ती मोडून, तिची घरे विरघळून तयार झालेल्या अशा राखाडी-पांढऱ्या टेकाडाला आमच्याकडे पांढर म्हणतात. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या तिथली माती गाडीत भरून नेत आणि घरांच्या माळवदांवर अंथरत. मातीबरोबर रंगीत खापरेही जात. त्यांच्याकडे कुणी वळून पाहत नसे.

त्या हिवाळ्यात पुण्याहून उत्खननाची मंडळी आली. त्यांच्या प्रमुख होत्या डॉ. वत्सला रणदिवे. शाळेच्या मागच्या खोल्यांपैकी एक त्यांना मिळाली. तिच्या शेजारची माझी. संध्याकाळी धुतलेल्या खापरांवर बारीक टाकाने क्रमांक घालून देण्याचे आणि थरांच्या चिठ्ठ्या लिहिण्याचे काम मी त्यांच्याकडून मागून घेतले. त्या साऱ्या उद्योगाशी माझा संबंध एवढाच.

बाई पन्नाशीच्या, उंच, मनगटाची हाडे वर आलेल्या. पातळ कंबरेला घट्ट खोचलेले, पायांत कॅनव्हासचे बूट, डोक्यावर पदर आणि पदरावर खाकी टोपी. कामावरच्या बायकांना त्या टोपीचे हसू येई आणि टोपीखालच्या पदराचा आदर वाटे. खापर हाती आले की बाई आधी ते नखाने वाजवून पाहत. चांगले भाजलेले असले तर त्यातून पितळी वाटीसारखा नाद निघे, मग तो तुकडा माझ्या कानाशी धरून म्हणत, “ऐक. भट्टी कशी लावायची ते माहीत होतं हो इथल्या मंडळींना.” ‘आदिमानव’ हा शब्द त्यांना खपत नसे. त्या ‘इथली मंडळी’ म्हणत. जणू ती मंडळी आत्ताच बाजाराला गेली होती आणि घर राखायला यांना बसवून गेली होती.

दुसरा त्यांचा शब्द म्हणजे ‘आज तरी’. कोणतेही विधान त्या याच्याशिवाय करत नसत. ही जव कुटायची जागा असावी, आज तरी असं दिसतंय. भाजीत मीठ कमी पडले का असे कुणी विचारले, तरी त्या घास घोळवून गंभीरपणे सांगत, “आज तरी बरोबर आहे.”

खोदलेल्या चरांमध्ये घरे उघडी होत होती. घरे म्हणजे काय, तर चोपलेली जमीन, बोटभर उंचीच्या भिंतीची रेघ, आणि त्या रेघेत एके ठिकाणी पडलेला खंड. तो खंड म्हणजे दार. बाई बूट काढून त्या दारातूनच आत जात आणि त्याच दारातून बाहेर येत. भिंतीची रेघ ओलांडणे त्यांनी सगळ्यांना मना केले होते. एकदा नगरहून कुणी मोठे साहेब पाहणीला आले आणि बोलता बोलता रेघ ओलांडून चुलीपाशी जाऊन उभे राहिले. बाई जागच्या हलल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, “अहो, भिंतीतून काय येताय? दार त्या अंगाला आहे.” साहेब हसले, मग बाई हसत नाहीत हे पाहून मुकाट्याने परत रेघेबाहेर गेले, वळसा घालून दारातून आत आले. कामावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. त्या दिवसापासून सखू तर आत शिरताना “हायेत का घरात?” असेही विचारू लागली.

सखू ही कामावरच्या बायकांची म्होरकी. तिशीची, काळीसावळी, हाताला झपाटा असलेली, आणि जिभेलाही. फुटक्या मडक्यांचा ढीग पाहून ती एकदा बाईंना म्हणाली होती, “बाई, तुमच्या या मानसांनी भांडी लई फोडली बगा. घरात सासू नव्हती वाटतं.”

“होती गं,” बाई ब्रशने माती सारत म्हणाल्या. “म्हणूनच फोडली.”

कामाला हात लावण्याआधी सखूने आपली सारी हकिगत बाईंना सांगून टाकली होती: नवरा किसन, दोन पोरी, कोरडी विहीर, आणि गोठ्यातली बैलांची जोडी. बैलांची हकिगत सगळ्यांत लांब होती.

बाईंना सगळ्यांच्याच हकिगती हव्या असत. गावातले तात्या पाटील एकदा पांढरीवर येऊन ऐसपैस बसले आणि आपण इथले मूळचे, असे सांगू लागले. बाईंनी विचारले, त्याआधी कुठले? तात्या म्हणाले, त्याआधी काही नाही, आम्हीच पहिले. बाईंनी कुलदैवत विचारले. तात्यांनी देवी सांगितली. तिचे ठाणे पार बालाघाटापलीकडचे निघाले. मग बाईंनी हलकेच विचारले, इतक्या लांबची देवी घरी कशी आली? तात्या बराच वेळ मिशी चोळत राहिले. मग त्यांना आजोबांच्या तोंडून ऐकलेले काहीबाही आठवू लागले: एक जुना दुष्काळ, एक गाडी, गाडीत देवीचा टाक. “म्हंजी आमीबी आल्यालेच म्हना की,” ते शेवटी म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात थोडी नाराजी आणि थोडे नवल होते. बाई म्हणाल्या, माणसाचा पत्ता बदलतो, देवाचा बदलायला वेळ लागतो. म्हणून त्या आधी देव विचारतात.

माझ्या आग्रहावरून त्यांनी शाळेत एक तास घेतला. फळा नको म्हणाल्या. अंगणात पोतेरे फिरवून घेतले, बोटाने खंडांच्या कडा ओढल्या आणि ओंजळभर चिंचोके घेऊन उकिडव्या बसल्या. पहिले चिंचोके आफ्रिकेत ठेवले. तिथून एकेक चिंचोका बोटाने पुढे सारत त्यांनी माणसे चालवली. समुद्राच्या कडेकडेने, शंखशिंपले वेचत, आपल्या किनाऱ्यावरून पुढे, आणि पाणी ओलांडून ऑस्ट्रेलियापर्यंत. दुसरी रांग उत्तरेला बर्फाकडे गेली, आणि समुद्राचे पाणी बर्फात अडकून समुद्र उथळ झाला होता तेव्हा पायी पायी अमेरिकेत उतरली. सगळ्यांत शेवटचे चिंचोके पॅसिफिकच्या बेटांवर गेले, होड्यांतून, ताऱ्यांच्या आणि पाखरांच्या मागे. कुणालाही आपण जग भरतो आहोत हे ठाऊक नव्हते, बाई म्हणाल्या. ज्याने त्याने फक्त पुढचा पाणवठा शोधला. तास संपला तेव्हा अमेरिकेतले चिंचोके गायब होते. दुसऱ्या रांगेत बसलेल्या एका मुलीची मूठ घट्ट मिटलेली होती. बाईंनी ती उघडायला लावली नाही. “असू दे,” म्हणाल्या, “खेळायला होतील.”

दुष्काळात रेशनवर मिळणाऱ्या मिलोच्या लाल भाकरीला सगळे नावे ठेवत. अमेरिकेतून जनावरांचे खाणे पाठवले, असे सखू म्हणे. बाई मात्र ती भाकरी हातात घेऊन निरखत. मिलो ही ज्वारीच, आणि ज्वारी मूळची आफ्रिकेची. एक शाखा समुद्रामार्गे आपल्याकडे आली, दुसरी गुलामांच्या जहाजांतून अमेरिकेला गेली, आणि आता ही पाहुणी म्हणून आपल्या दारात उभी आहे. “चुलत बहीण आहे गं ती, सखूबाई,” त्या म्हणत. सखू म्हणाली, “आसंल. पर हिला गिळताना घसा सोलतोय त्याचं काय?” बाईंनी त्याच भाकरीचा घास घेतला.

एकदा क्रमांक घालता घालता मी त्यांना विचारले की या सगळ्यात तुम्हांला नेमके काय शोधायचे आहे. त्यांनी हातातले खापर खाली ठेवले. “माणसं पोचल्याच्या खुणा सगळीकडे सापडतात,” त्या म्हणाल्या. “चूल सापडते, धान्याचं पेव सापडतं. निघाल्याच्या खुणा मात्र मिळत नाहीत. घर कायमचं सोडायची वेळ येते तेव्हा माणूस शेवटच्या सकाळी काय करतो, ते मला बघायचंय. एवढं बघितलं की झालं.”

ते त्यांना पांढरीच्या सर्वांत वरच्या थरात मिळेल, अशी आशा होती. खालच्या थरांतली घरे मोठी, चौकोनी, सुबत्तेची होती. वरच्या थरात, वस्ती उठायच्या वेळची एक जमीन लागली होती. तिच्यावर धान्य दळायचा दगडी पाटा सापडला. पाट्याचे खोलगट तोंड जमिनीकडे आणि पाठ वर. शेजारी वरवंटा, आणि थोडी फुटकी मडकी. मंडळी घाईने पळाली असावीत, धांदलीत पाटा उलटला असावा, असे बाईंनी टिपून ठेवले होते. पण ते घर केवढे होते, कसे होते, काहीच उमगत नव्हते. लाकडी खांब केव्हाच कुजून गेलेले. त्यांच्या खड्ड्यांत भरलेली माती आणि भोवतालची माती कोरडेपणी एकाच रंगाची दिसते. पाणी शिंपडले की मात्र खड्ड्यांतली माती आधी काळवंडते आणि घराचा आकार जमिनीवर उमटतो. यासाठी ती झारी होती. यासाठी कामाच्या जीपमधून लांबच्या विहिरीवरून एक पिंप भरून येई.

गावात तेव्हा दिवसाआड टँकर येत होता. त्या सकाळी बाईंनी वरच्या जमिनीवर झारी धरली. वास वर आला. मी चराच्या कडेला उभी होते. बाईंचे डोळे मिटले होते, म्हणून त्यांना दिसले नाही, मला दिसले. सगळ्या बायकांचे हात थांबले होते. घमेली खाली ठेवून त्या जमिनीकडे पाहत होत्या. पाणी पडत होते आणि दिसेनासे होत होते. सखू आवाज न चढवता म्हणाली,

“बाई, मेल्याल्या घराला पानी पाजताय. आमी जित्ती हाव अजून.”

बाईंनी डोळे उघडले. झारी सरळ केली. कुणाचे समाधान करण्याचा त्यांनी प्रयत्न केला नाही, की परवानगीचे कागद सांगितले नाहीत. पिंप उचलून सावलीच्या छपराखाली ठेवायला लावले आणि म्हणाल्या, आजपासून हे पाणी प्यायचं. उरलं तर घरी न्यायचं. झारी खोलीत नेऊन खुंटीला टांगली.

त्यानंतर ती जमीन मुकी झाली. बाई पहाटे जात, संध्याकाळी जात. ऊन तिरपे असते तेव्हा काही दिसेल म्हणून गुडघ्यांवर बसून गाल जमिनीला टेकवत. फुंकर घालून धूळ उडवत. काही दिसत नसे. काम गुंडाळायची वेळ जवळ येत चालली होती, आणि या जमिनीवर पुन्हा कुणी खणणार नाही हे त्यांना माहीत होते. उघडा पडलेला थर पुढच्या वाऱ्यापावसात टिकत नाही. त्या चिडल्या नाहीत. फक्त जेवता जेवता टिपणे उघडून बसत.

त्याच सुमारास किसनने बैलांची जोडी घोडेगावच्या बाजाराला नेली. चाऱ्याविना हाडे उरली होती त्यांची. दोन दिवस सखू कामावर आली नाही. तिसऱ्या सकाळी आली ती डोक्यावर घागर घेऊन, आणि थेट वरच्या जमिनीपाशी येऊन उभी राहिली. घागरीत धोवण होते. तांदूळ-डाळ धुतलेले, भांडी विसळलेले गढूळ पाणी.

बाई म्हणाल्या, नको, सखूबाई, हे जनावरांचं आहे.

“हुतं,” सखू म्हणाली. “जनावरं गेली. सवयीनं साठीवलं. आता कुनाला घालू?”

आणि बाईंनी झारी आणवण्याची वाट न पाहता तिने ओंजळीने ते पाणी शिंपडायला सुरुवात केली, शेणाचा सडा घालावा तसे, लांब हात फेकून. त्या वासात आता आंबूस धोवणाचाही वास मिसळला. हळूहळू जमिनीवर एक काळपट ठिपका उमटला. मग दुसरा, तिसरा. ठिपके वळत गेले आणि एकमेकांना येऊन मिळाले. एक लहान गोल झोपडी. मेंढपाळ पाल ठोकतात, तेवढीच.

बाई गोलाच्या कडेला उकिडव्या बसल्या. खाली मोठी चौकोनी घरे, आणि शेवटी हे एवढेसे. पाऊस हटला असावा, त्या सांगू लागल्या, शेती हटली असावी. गहू-जव पिकवणारी मंडळी शेळ्यामेंढ्यांमागे फिरती झाली असावीत. घर लहान होत होत शेवटी पाठीवर घेता येईल एवढे उरले असावे. “आज तरी,” हे शब्द जोडायला मात्र त्या विसरल्या. ते न ऐकण्याची माझी ती पहिलीच वेळ.

सखूने ओले हात पदराला पुसले आणि सांगितले की उद्या तीही घरच्यांसह निघणार. नाशकाच्या बाजूला कालव्याच्या कामावर किसनचा भाऊ आधीच गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मला घेऊन सखूच्या घरी निरोप द्यायला गेल्या. दाराशी बोचकी बांधून ठेवली होती. पोरी त्यांच्यावर बसून होत्या. सखू घर झाडत होती. रिकामे घर, अगदी कोपऱ्यांतून, सणाला झाडावे तसे. मग तिने भिंतीला टेकवून ठेवलेला पाटा दोन्ही हातांनी उचलला, घराच्या मध्यावर आणला आणि तोंड खाली करून जमिनीवर पालथा घातला. वरवंटा त्याच्या कुशीला लावला.

बाईंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. त्यांनी माझे मनगट धरले होते, आणि ते दुखेपर्यंत धरून ठेवले.

“हा पालथा का घातलास गं?”

“मोकळ्या घरात पाटा उताना ठिवत न्हाईत, बाई. धूळ खातो. मागारी आलं की आदी ह्यो उलटायचा, मंग चूल.” तिने कमरेवर हात ठेवून घराकडे एकदा पाहिले. “आमच्यात सगळ्याच ठिवत्यात.”

घाईने पळालेली मंडळी, धांदलीत उलटलेला पाटा, हे सगळे बाईंच्या मनात त्या वेळी कसे गळून पडत असेल, ते मला दिसत होते. इथली मंडळी पळाली नव्हती. त्यांनीही शेवटच्या सकाळी घर झाडले होते आणि धूळ बसू नये म्हणून पाटा पालथा घातला होता. बाईंना जे पाहायचे होते, ते त्यांच्यासमोर उभे होते, आणि त्याच्या डोक्यावर बोचके चढत होते.

गल्लीच्या तोंडाशी किसन हाक मारत होता. पोरींना पुढे घालून सखू निघाली. चार पावले गेली आणि वळली.

“बाई, इचारायचंच ऱ्हायलं. ती तुमची मानसं आली का मागारी?”

पांढरीवरच्या त्या जमिनीवर साचलेल्या मातीची चिठ्ठी मीच लिहिली होती: नुसती वाऱ्याने आणलेली माती, वस्तीची खूण नाही. परत येऊन तो पाटा कुणी उताणा केला नव्हता. बाई पुराव्यापलीकडे कधी बोलल्या नव्हत्या, आणि आता सखू उत्तरासाठी थांबली होती. डोक्यावरचे बोचके एका हाताने सावरत, हसतमुखाने.

“सगळी पांढर कुठं खणलीय अजून,” बाई म्हणाल्या.

सखूने मान डोलावली. तेवढे तिला पुरले असावे. ती गेली.

परतताना बाईंनी बूट हातात घेतले होते. सारी वाट त्या अनवाणी चालल्या.

उन्हाळ्याच्या तोंडाशी चर बुजवले गेले आणि मंडळी पुण्याला परतली. पुढच्या वर्षी पाऊसकाळ बरा झाला. गेलेल्यांतली कितीतरी घरे परत आली. एकेका घरातून धूर निघू लागला, तात्या पाटील कुणाचे कोण आले ते पारावर बसून सांगू लागले. शाळेला जाता-येता मी सखूच्या दाराकडे पाही. कडी तशीच असे. किसनला मुंबईत गिरणीत लावून घेतल्याचे कुणी सांगे; कुणी म्हणे, तो कालव्याच्या कामावर आजारी पडला. खरे काय ते कुणालाच ठाऊक नव्हते. माझी नगरला बदली झाली त्या दिवशीही मी त्या गल्लीतून वळसा घालून गेले. कडी तशीच होती.

त्यानंतर वत्सलाबाई मला एकदाच दिसल्या. नगरच्या एस. टी. स्टँडवर, पुण्याच्या गाडीत, खिडकीशी. टोपी नव्हती. पदराखालचे केस पांढरे झाले होते. मी गर्दीतून वाट काढत खिडकीपाशी पोचले तेव्हा कंडक्टरने घंटी मारली होती आणि गाडी हलू लागली होती. कशी आहेस, कुठे असतेस, यातले काहीही विचारण्यापुरता वेळ नव्हता, आणि त्यांनी तो त्यात घालवलाही नाही. गजातून हात बाहेर काढून त्यांनी माझे मनगट पकडले. मी गाडीबरोबर चालू लागले. माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहत, खापर नखाने वाजवण्याआधी थांबत तशा थांबून, त्यांनी मला विचारले,

“आली?”